‘आमचा’ म्हणण्याचा अधिकार

द्राक्षमळ्याच्या मालकांचा इतिहास सांगणे हा ज्यांचा व्यवसाय होता, त्या गृहस्थांच्या स्वतःच्या मालकीचे फारसे काही नव्हते. लांब दांड्याची एक छत्री, दोन कोट, त्यांतला एक बरा, आणि एक खणखणीत आवाज. फाटकाजवळचे दोन खोल्यांचे घर त्यांना राहायला मिळाले होते, पण ते वाइनरीचे होते. बायको त्यांची होती असे म्हणावे, तर तिचे मत नेमके उलट होते.

सगळे त्यांना आमचेराव म्हणत. या नावामागे काही गूढ नाही. पाहुण्यांचा घोळका फाटकातून आत आला, की ते छत्री उंच धरून सुरुवात करीत : हा आमचा मळा, हा आमचा उतार, या आमच्या वेली, आणि हा, वर नका बघू, खाली बघा, हा आमचा दगड. दगड वाटेच्या मधोमध होता. तो काढण्याचे प्रत्येक मालकाने ठरवले होते आणि एकानेही काढला नव्हता, म्हणून त्याचा परिचय आधी करून द्यावा लागे. पुढे तळघर आमचे, पिंपे आमची, पिंपांमागचे कोळी आमचे, आणि एखाद्या वर्षीची वाइन आंबट निघाली असेल तर त्या वर्षीचे ढगही आमचेच. ज्या माणसाने जन्मभर एकाच सर्वनामावर निर्वाह करायचे ठरवले आहे, त्याला लोकांनी दुसरे कोणते नाव द्यावे? घरी काकूही, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांचा उल्लेख ‘आमचे’ असाच करीत. आमचे तळघरात गेलेत, आमचे आज फुगलेत, आमच्यांना आंबट चालत नाही. घरचे नाव आणि बाहेरचे नाव असे आपोआप जुळून आले होते, आणि आमचेरावांना जुळलेल्या गोष्टी आवडत.

आता मळ्याचा इतिहास. तो दोन प्रकारचा होता. एक घडलेला आणि एक सांगण्याचा. घडलेला लहान आहे, म्हणून तो आधी सांगतो.

मळा लावला तो आमचेरावांच्या आजोबांनी, आणि तो द्वेषापोटी लावला. शेजारच्या उतारावर त्यांच्या चुलत भावाने सफरचंदाची झाडे लावली होती आणि ती दुर्दैवाने जगली. आजोबांना द्राक्षांतले काही कळत नव्हते, द्राक्षे आवडतही नव्हती. परंतु द्राक्षाचे मांडव चुलत भावाच्या खिडकीतून दिसत, एवढी एकच गोष्ट त्यांना पुरेशी वाटली. पुढे सफरचंदांवर रोग पडला, चुलत भाऊ गाव सोडून गेला, खिडकी बंद झाली. जळवायला कोणी उरले नाही म्हटल्यावर आजोबांचा मळ्यातला रस संपला आणि त्यांनी तो सिरका, म्हणजे व्हिनेगर, करणाऱ्या एका सिरकेवाल्याला विकून टाकला. ज्या माणसाचे नाव पुढे संस्थापक म्हणून घ्यायचे, त्याची कर्तबगारी ही एवढीच.

सिरकेवाला सरळ माणूस होता. द्राक्षांचा रस आंबावा आणि मग आणखी आंबट व्हावा, याखेरीज त्याला मळ्याकडून काही नको होते. एका थंडीत कोणीतरी एका पिंपाचे बूच वाजवीपेक्षा घट्ट ठोकले आणि आतल्या रसाची फक्त वाइन झाली. त्यापुढे जाऊन तिचा सिरका होईना. सिरकेवाल्याने ते पिंप नासले असे ठरवून ओतून द्यायला काढले. त्याचा जावई दंतवैद्य होता. त्याने घोटभर चाखून पाहिले आणि उरलेले पिंप आपल्या दवाखान्यात नेले. दात काढल्यावर तो रुग्णाला या वाइनची चूळ भरायला देऊ लागला, आणि असे दिसून आले की चूळ कोणी थुंकत नाही. काही रुग्ण तर शाबूत दात दाखवायला येऊ लागले. वाइनरीची सुरुवात ती अशी. सासऱ्याने जावयाच्या या अधःपातावर पुष्कळ दिवस बोलणे टाकले होते, पण मरताना मळा त्यालाच दिला, कारण दुसरा जावई याहून वाईट होता. तो कविता करी.

दंतवैद्याला मूलबाळ नव्हते. त्याच्यानंतर मळा एका बिस्किटांच्या कंपनीने घेतला. त्या कंपनीने पाहुण्यांसाठी चव घेण्याची खोली बांधली, तिच्यात संस्थापकांची म्हणून एक भारदस्त तसबीर टांगली आणि आमचेरावांना मळ्यातून उचलून इतिहासावर नेमले. तसबीर जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली होती. तीत कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तिच्याबद्दल कधी वाद झाला नाही. सांगण्याचा इतिहास जन्माला आला तो याच काळात. बिस्किट कंपनीचे म्हणणे होते की द्वेष, सिरका आणि दाढा यांवर पाहुण्यांना काही विकता येत नाही. एखादी राजकन्या असावी. आमचेरावांनी राजकन्या दिली. नकोशा लग्नातून ती मध्यरात्री पळाली, केसांत द्राक्षाची काडी खोवून इथवर आली आणि याच उतारावर रडली. जिथे अश्रू पडले तिथे काडी रुजली. ही कथा सांगताना आमचेरावांचा आवाज दाटून येई. राजकन्येवर त्यांचा खरोखर जीव होता. आपल्या आजोबांना ते पाहुण्यांसमोर कधीच आणीत नसत.

परंतु ‘आमचा’ हा शब्द मात्र ना राजकन्येचा ना बिस्किटवाल्यांचा. तो दंतवैद्याने दिलेला होता आणि त्याची किंमत मोजावी लागली होती.

आमचेरावांचे वडील सिरकेवाल्याकडे छाटणीला होते. स्वतःच्या बापाने लावलेल्या वेली ते मजुरीवर छाटीत आणि ‘मालकांचा मळा’ असे, आवाज खाली आणून, म्हणत. मुलगा कामाला लागला तो दंतवैद्याच्या राज्यात. वयाने कोवळा, अंगाने काडी, आणि जीभ हवी त्यापेक्षा सैल. एकदा सगळ्यांदेखत तो बोलून गेला, की आमच्या वेलींना पाणी कमी पडतंय. वडिलांच्या हातातली कात्री थांबली. दंतवैद्य मागेच उभा होता. त्याने विचारले, कोणाच्या? मुलाला वाटले, आता गेले काम. दंतवैद्याने त्याला दंडाला धरून तळघरात नेले आणि थोरल्या पिंपासमोर उभे केले.

थोरले पिंप म्हणजे एक लाकडी खोलीच. तळाशी त्याला भट्टीच्या तोंडाएवढे दार होते. वर्षभर वाइन साठून आतल्या भिंतींवर खडीसाखरेसारखा क्षार धरे आणि नवी तोडणी येण्यापूर्वी कोणीतरी त्या दारातून आत शिरून तो घासून काढावा लागे. शिरण्याची रीत ठरलेली होती : आधी पेटता दिवा आत सरकवायचा, तो विझला नाही तर माणूस सरकवायचा. हात पुढे, एक खांदा आधी, मग श्वास सोडून दुसरा. दंतवैद्याने त्याच्या हाती ब्रश दिला आणि सांगितले, की ज्याला आमचा म्हणायचे असेल त्याने हे धुवायचे. मीही धुतले आहे. संध्याकाळी मुलगा बाहेर आला तेव्हा तो बिटासारखा जांभळा झालेला होता. दंतवैद्याने विचारले, हं, कोणाचा मळा? मुलगा म्हणाला, आमचा. ‘बरोबर,’ असे म्हणून दंतवैद्य रुग्ण बघायला निघून गेला. त्या रात्री जेवताना वडिलांनी मुलाच्या जांभळ्या हातांकडे फार वेळ पाहिले, एवढे काकूंना पुढे सासूबाईंकडून कळले.

तेव्हापासून तो वाइनरीचा कायदाच झाला. जो पिंपात जाऊन आला त्याने आमचा म्हणावे. बाकीच्यांनी इथला म्हणावे. बिस्किट कंपनीचे अधिकारी पिंपात कधी शिरले नाहीत आणि, त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभेल असे, आमचा कधी म्हणालेही नाहीत. ते मळ्याला युनिट म्हणत.

पुढे बिस्किटांना उतरती कळा लागली आणि मळा पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका घराण्याकडे आला. पंपवाले स्वतः वारले होते. कारभार त्यांच्या मुलीकडे होता. मालकीणबाई कमी बोलणाऱ्या, आखूड केसांच्या आणि सपाट बुटांच्या होत्या. त्यांना मळा आवडला. आवडला म्हणून त्यांनी तो नीट सांभाळायचे ठरवले, आणि नीट सांभाळायचा म्हणून एक वकील ठेवला. वकील किडकिडीत, इस्त्रीतून नुकताच काढल्यासारखा. त्याने नवीन मालमत्ता समजून घ्यावी म्हणून तिकीट काढून आमचेरावांची फेरी केली, दगडाला ठेच खाल्ली, राजकन्येपाशी जांभई दिली, तळघरात न उतरताच परतला आणि दुसऱ्या दिवशी आमचेरावांना कचेरीत बोलावले.

‘आमचा म्हणजे कोणाचा?’ त्याने विचारले.

‘आमचा म्हणजे... आमचाच, साहेब.’

‘म्हणजे तुमचा?’

‘छे छे, तुमचाच की.’

‘मग आमचा का म्हणता?’

‘तुम्ही नव्हतात तेव्हापासून म्हणतोय. सवय आहे.’

वकिलाने पेन्सिल खाली ठेवली. नेमके हेच त्याला हवे होते आणि नेमके हेच त्याला नको होते. त्याचे म्हणणे, शांतपणे ऐकले तर, बिनतोड होते. या माणसाचा आजोबा एके काळी मळ्याचा मालक होता. हा स्वतः मळ्याच्या आत राहतो. आणि रोज, परक्या लोकांसमोर, मोठ्याने, मळा आमचा असल्याचे सांगतो. एकाही मालकाने आजवर हरकत घेतलेली नाही. उद्या याने किंवा याच्या कोणा पुतण्याने न्यायालयात हेच सांगितले, तर अर्धा देश साक्षीला उभा राहील, कारण अर्ध्या देशाने तिकीट काढून ते ऐकलेले आहे. मालकीणबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना यात काही गैर दिसेना, पण वकिलाच्या बोलण्यात चुकलेले वाक्यही दिसेना; आणि चुकलेले वाक्य दिसत नसेल तर वकिलाचे ऐकावे, असे त्यांचे वडील सांगून गेले होते.

ठरले ते असे. तोडणी सुरू होण्याच्या दिवशी मोठी मोठी गिऱ्हाइके, हॉटेलवाले, दुकानदार, यांना मळा दाखवायचा होता. फेरी आमचेरावांनीच करायची. मालकीणबाई आणि वकील सोबत असणार. त्या फेरीत आमचेरावांनी मळ्याबद्दल ‘आमचा’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, तर सगळे आहे तसे चालू. उच्चारला, तर दुसऱ्या दिवसापासून इतिहास सांगायला पाहुण्यांच्या कानात घालायचे यंत्र येईल आणि फाटकाजवळचे घर रिकामे करावे लागेल. यंत्र आणूनही ठेवले होते. वकिलाने ते दाखवले. त्यात एक बाई अतिशय गोड आवाजात, कोणाचाही मळा नसल्यासारखी बोलत होती.

घरी आल्यावर आमचेरावांनी सगळे सांगितले. काकू हातातले काम न थांबवता ऐकत होत्या.

‘आणि मी?’ त्या म्हणाल्या. ‘मी काय म्हणायचं? कंपनीचे जेवायला बसलेत? कंपनीचे घोरताहेत?’

‘थट्टा करू नकोस. घर जाईल.’

‘म्हणून तर करतेय. घर गेल्यावर कुठे बसून करू?’

काकू थट्टा करीत, पण त्यांना त्या घराची खिडकी न् खिडकी ठाऊक होती. तेथेच त्या सून म्हणून आल्या होत्या आणि तेथूनच सासू-सासऱ्यांना पोचवले होते. त्यांनी सरळ शिकवणी लावली. आमचेरावांनी फेरी म्हणून दाखवायची आणि चुकले की काकूंनी पळी पातेल्यावर आपटायची. पहिल्या संध्याकाळी शेजारच्यांना वाटले, यांच्याकडे कल्हई चालली आहे.

शब्द काढून टाकणे सोपे होते. त्याच्या जागी ठेवायचे काय, हा प्रश्न होता. ‘हा कंपनीचा मळा, हा कंपनीचा उतार, हा कंपनीचा दगड’ असे म्हटले की लिलाव पुकारल्यासारखे वाटे. ‘मालकीणबाईंचा’ घालून पाहिले, तर ‘मालकीणबाईंचा उतार’ या ठिकाणी काकूंना हसू आवरेना. काहीच न घालता ‘हा मळा आहे, हा उतार आहे’ असे म्हटले, तर काकू पाहुण्यांच्या वतीने म्हणाल्या, ‘दिसतंय आम्हाला, डोळे आहेत.’ आमचेराव हताश होऊन बसून राहिले. मग काकूंनी सहज म्हटले, ‘चहा घ्या आधी. केव्हाचा आपला निवत बसलाय.’

आमचेरावांनी मान वर केली. ‘काय म्हणालीस?’

‘चहा निवतोय म्हटलं.’

‘नाही. कोणाचा?’

आता या ‘आपला’ शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याने केला. आमचा म्हटले की बोलणारा आत आणि ऐकणारा बाहेर, मध्ये कुंपण. आपला म्हटले की दोघेही आत. मात्र समोरच्याला मान द्यायचा असेल, तर आपला म्हणजे केवळ तुमचा; ‘आपले शुभनाव?’ असे विचारणारा त्या नावात वाटा मागत नसतो. आणि ‘मी आपला गप्प बसलो’ या वाक्यातला आपला कोणाचाच नसतो. तो वाक्याला सोबत म्हणून आलेला असतो. ज्या शब्दाचे इतके अर्थ होतात तो कायद्याच्या कामाचा नाही. म्हणूनच तो आमचेरावांच्या कामाचा होता. त्यांनी चहा गार झालेला प्यायला आणि तो त्यांना गोड लागला.

तोडणीच्या दिवशी त्यांनी बरा कोट घातला. फाटकाशी पाहुणे जमले. वकील पेन्सिल घेऊन उजव्या हाताला, मालकीणबाई समोर. आमचेरावांनी छत्री उंचावली, मालकीणबाईंकडे पाहून किंचित लवले आणि म्हणाले, ‘हा आपला मळा.’

मालकीणबाईंना आनंद झाला. आपला म्हणजे त्यांचा. चारचौघांत इतक्या अदबीने त्यांना कोणी मालकीण म्हटले नव्हते. पाहुण्यांनाही आनंद झाला. आपला म्हणजे सगळ्यांचा. तिकिटाविना आलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? वकिलाची पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. शब्द त्याने मना केलेला नव्हता, अर्थही त्याला पकडता येईना.

आमचेराव पुढे निघाले. हा आपला उतार. या आपल्या वेली. हा आपला दगड. येथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. आमचा दगड म्हटले की लोक खाली बघत. आपला दगड म्हटल्यावर प्रत्येकाला वाटले, बघेल दुसरा कोणी. वकिलाला ठेच लागली.

मालकी माणसाच्या अंगात किती लवकर भिनते हे पुढच्या अर्ध्या वाटेत दिसून आले. एका हॉटेलवाल्याने तारांची ओढ कमी असल्याचे दाखवून दिले आणि आपण हे असे कसे चालू देतो, म्हणून विचारले. एक दुकानदारीणबाई मजुरांना पाणी कोण देते याची चौकशी करू लागल्या. टोपी घातलेले एक स्थूल गृहस्थ पहिल्या ओळीपाशीच मागे रेंगाळले होते. त्यांनी एक घड तोडला, मग तो एकटा पडू नये म्हणून दुसरा. वकिलाने त्यांना हटकले तेव्हा ते निरागसपणे म्हणाले, ‘आपलीच ना द्राक्षं?’ आणि वर एक घड वकिलाच्या हातात दिला. ‘घ्या, लाजू नका.’ त्यांचे पाहून इतरांनीही हात घातले. राजकन्या रडली त्या जागी पोचेपर्यंत सगळा घोळका मचमच करीत होता आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. आमचेरावांना हे लागले, पण त्यांनी जीभ आवरली. घर वाचवायचे होते.

तळघरात ते थोरल्या पिंपापाशी आले. नव्या रसासाठी पिंप रिकामे केलेले होते. तळाचे दार उघडे होते, शेजारी दिवा आणि ब्रश ठेवलेला होता. येथे ते रोज थांबत आणि दंतवैद्याची गोष्ट सांगत. ती एकच गोष्ट त्यांनी कधी वाढवून सांगितली नव्हती. आज ती सांगता येत नव्हती, कारण ती सगळी त्या एका शब्दाचीच होती. ते पुढे निघाले.

‘थांबा,’ दुकानदारीणबाई म्हणाल्या. ‘हे दार कशाला? आणि तुम्ही इतका वेळ आपला आपला म्हणताय, पण तुम्ही कोण? तुमचं काय आहे इथं?’

प्रश्न साधा होता. आमचेरावांनी तोंड उघडले आणि गळ्यापर्यंत आलेला शब्द तेथेच अडवून धरला. त्यांना दिसत होते, की वकील टाचा उंचावून उभा आहे, पेन्सिलीचे टोक कागदापासून केसभर वर आहे. मालकीणबाईही त्यांच्याकडेच पाहत होत्या. तळघरात कोणीतरी द्राक्ष चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

‘माझं,’ आमचेराव म्हणाले, ‘माझं काही नाही, बाई. मी आपला इथं असतो.’

वाक्य बरोबर होते. काकूंनी पळी आपटली नसती. पण ते म्हणताना त्यांचा आवाज, जो राजकन्येसाठी दाटे, तो अजिबात दाटला नाही. नुसता लहान झाला, वडिलांचा होत असे तसा. मालकीणबाईंच्या भुवया आक्रसल्या.

त्याच क्षणी टोपीवाल्या गृहस्थांनी तोंडातल्या बिया थुंकल्या. आपले तळघर म्हटल्यावर त्यांनी जागा निवडली नाही. बिया वकिलाच्या, आधीच ठेचाळलेल्या, बुटावर पडल्या. सकाळपासून या माणसाने फार सोसले होते.

‘थुंकताय काय!’ तो ओरडला. ‘खाली ठेवा ते घड. सगळ्यांनी. आपला नाही हा मळा. आमचा आहे!’

थोरल्या पिंपाच्या पोकळीने तो शब्द उचलला आणि सगळ्यांना पुन्हा एकदा ऐकवला.

‘कोणाचा म्हणालात?’ मालकीणबाईंनी विचारले.

‘म्हणजे... आपला.’

‘माझा, की आपल्या दोघांचा?’

कायद्याच्या सबंध शिक्षणात वकिलाला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. टोपीवाले गृहस्थ मनापासून हसले. आमचेराव मात्र हसले नाहीत. त्यांनी छत्री काखेत घेतली आणि अत्यंत सौम्यपणे, एखादा दोष समोरच्याला समजावून सांगावा तसे, मालकीणबाईंना सांगितले, की तो शब्द इथे कोणालाही म्हणता येतो, फक्त त्याला रीत आहे. मग त्यांनी दाराकडे बोट करून रीत सांगितली. दंतवैद्य, ब्रश, बिटाचा रंग, सगळे. या वेळी द्राक्षे चावण्याचा आवाजही थांबला.

‘तुम्ही गेला होतात आत?’

‘मी जात असे. आता माझी छत्री जाते.’

मालकीणबाई वाकल्या, दार न्याहाळले, आत हात घालून भिंतीवरचा क्षार नखाने खरवडला. लहानपणी वडिलांनी त्यांना पंप बघायला अशाच टाक्यांत उतरवले होते. ते त्यांनी बोलून दाखवले नाही, पण त्या उठल्या त्या निराळ्या चेहऱ्याने. म्हणाल्या, ‘मी सोमवारी जाईन. मी अजून शब्द वापरलेला नाही. वकीलसाहेब, तुम्ही वापरलात.’

‘हा नियम लेखी आहे का?’ वकिलाने विचारले.

‘तोंडी आहे, साहेब,’ आमचेराव म्हणाले. ‘पण तुमचा “आमचा”ही तोंडीच होता.’

वकील नियमांचा माणूस होता, आणि नियमांच्या माणसाची हीच अडचण असते. त्याने कोट काढला, घडी घातली, ठेवायला स्वच्छ जागा शोधली. ती न सापडल्यामुळे आमचेरावांनी दोन्ही हातांवर तो धरला. दिवा आत सरकवला. तो विझला नाही. मग वकील सरकला. हात पुढे, एक खांदा आधी. दुसरा खांदा अडला तेव्हा आमचेराव खाली वाकून म्हणाले, ‘श्वास सोडा. मालकी फुगून जात नाही आत.’ ठेचाळलेला बूट सर्वांत शेवटी दिसेनासा झाला. थोड्याच वेळात आतून घासण्याचा आवाज येऊ लागला, प्रथम संकोचाने, मग त्वेषाने. काही वेळाने वकिलाचा आवाजही आला, पोकळीमुळे भारदस्त झालेला : डाव्या अंगाला गेल्या वर्षीचं तसंच राहिलंय, कोणी घासलं होतं हे?

‘आता खरा मालक बोलला,’ टोपीवाले म्हणाले.

घराचे काय झाले, हे सांगायला हवे. वकील जांभळा होऊन बाहेर आल्यावर त्याने स्वतःच अट मोडलेली नसल्याचा निर्वाळा दिला, कारण शब्द आमचेरावांनी उच्चारला नव्हता. यंत्रातली गोड आवाजाची बाई परत गेली. मात्र राजकन्या गेली. ती काढायला वकिलाने लावली. त्याचे म्हणणे, की तिचे वारस उभे राहिले तर उत्तर द्यायला कागद नाही. आमचेरावांनी पुष्कळ रदबदली केली, ती निपुत्रिक होती असेही सांगून पाहिले. वकील म्हणाला, पुतणे असतात. मालकीणबाईंनी तिच्या जागी घडलेला इतिहास सांगायला लावला, आजोबांसकट. पहिल्यांदा सांगताना आमचेराव लाजेने अर्धमेले झाले. पण सफरचंदांवर रोग पडतो तिथे पाहुणे टाळ्या वाजवतात, असे आढळल्यावर त्यांनी तो रोग हळूहळू वाढवत नेला.

मालकीणबाई सोमवारी पिंपात गेल्या. वकीलही आता अधूनमधून सुट्टीच्या दिवशी जुने कपडे घालून येतो आणि काकूंकडे ब्रश मागतो. काकू त्याला चहा देतात आणि आत हाक मारतात, ‘अहो, आपले वकील आलेत.’ हा आपला कोणत्या अर्थाचा, हे त्याने अजून विचारलेले नाही.

फेरीच्या दुसऱ्या सकाळी पाहुणे आले तेव्हा आमचेरावांनी छत्री उंचावली आणि ते थबकले. शब्द परत मिळाला होता, पण रात्रभर वापरात नसल्यामुळे तो अवघडल्यासारखा वाटत होता. मळ्यापासून सुरुवात करायचा त्यांना धीर होईना. त्यांनी खाली पाहिले.

‘हा,’ ते म्हणाले, ‘आमचा दगड.’

सगळ्यांनी खाली बघितले. कोणालाही ठेच लागली नाही.